साखरपाण्याचे पेशंट

१९६२ साली बेंगळूरच्या पाच दवाखानेवाल्या डॉक्टरांनी मिळून संशोधन करायचं ठरवलं. मोठ्या इस्पितळांत संशोधन होतं. पण आपल्याकडे खोकत येणारी माणसं तिथवर पोचतच नाहीत, असं त्यांतले वडीलधारे डॉ. हयवदन म्हणाले. प्रश्न साधा होता: आपण सगळे देतो ते तांबडं औषध खोकल्यावर काही करतं का? खोकणाऱ्यांत एकाला औषध द्यायचं, पुढच्याला त्याच रंगाचं साखरपाणी. महिन्याने पाचही दवाखान्यांचे आकडे एकत्र.

चामराजपेठेतल्या डॉ. उपेंद्रांकडे साखरपाणी मालनबाईंच्या वाट्याला आलं. मालनबाई एकट्या राहायच्या. पुण्याहून आलेले उपेंद्रही एकटेच. बाटलीवरच्या कागदी खुणेबरहुकूम बाई साखरपाणी घेत आणि डॉक्टरांना आशीर्वाद देत. ते आशीर्वाद उपेंद्रांना पचेनात. संध्याकाळी ते त्यांची छाती तपासायला घरी गेले. मग रोजच जाऊ लागले.

"स्वल्प बसा की अण्णा."

"छाती मोकळी आहे तुमची."

"असू दे. पुण्यात बसायला शिकवत नाहीत काय?"

उपेंद्र बसायला शिकले.

महिन्याने बैठक भरली. साखरपाण्याने औषधाला सपशेल हरवलं होतं. हयवदनांनी चष्मा पुसला. "साखरपाणीवाल्यांच्या घरी कोण कोण जात होतं?"

उपेंद्रांनी हात वर केला. हळूहळू बाकी तिघांनीही केला.

"मी तर वाफारासुद्धा देऊन आलो," हयवदन म्हणाले.

औषधवाल्यांकडे कुणी फिरकलं नव्हतं. त्यांना काय, औषध होतं.

संशोधन पुन्हा पहिल्यापासून करायचं ठरलं. नवा नियम: खोकणाऱ्या पेशंटच्या घरी जायचं नाही.

उपेंद्र त्याच संध्याकाळी मालनबाईंकडे गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "उद्यापासून मला येता येणार नाही. खोकणाऱ्यांकडे जायला बंदी आहे."



"मला कुठे खोकला आहे?"

"आता नाही."

"मग मी तुमची पेशंट कशी?"

 उपेंद्रांनी उत्तर फारसं शोधलं नाही.

"सरी, ठरलं तर मग. उद्या लवकर या," असं म्हणता म्हणता बाईंना खोकल्याची उबळ आली. त्यांनी पदर तोंडात कोंबला, डोळे पाण्याने भरले.

उपेंद्र खिडकीबाहेर बघत राहिले. उबळ पुरती थांबल्यावर वळले आणि खुर्ची ओढून बसले.