ठाण्याचा उघडा दगड

आमच्या गावचं पोलीस ठाणं सव्वाशे वर्षांचं. घडीव काळा दगड, चुन्यातलं बांधकाम, व्हरांड्याला पाच कमानी. ते पाडून नवं बांधायचं ठरलं, तेव्हापासून मी साताऱ्याच्या वारसा समितीला पत्रं लिहीत होतो. चित्रकला शिकवण्यात माझी हयात गेली. एवढं देखणं काम मी तालुक्यात दुसरं पाहिलेलं नाही. तीन वर्षांनी एकदाची समिती यायचं पक्कं झालं. तिनं यादीत घेतलं तर ठाणं वाचणार, नाहीतर बुलडोझर.

त्या दिवशी सकाळी मी ठाण्यासमोर पोचलो, तर काय! अख्ख्या व्हरांड्याला ऑइलपेंट! खाली लाल, वर निळा, कमानींना पांढरी किनार. बेंदराच्या बैलालासुद्धा कुणी एवढं रंगवत नाही.

हवालदार हिंदुराव ब्रश घेऊन हसत पुढं आले. "कसं काय, गुरुजी? चार दिस राबलोय."

"कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" मी ओरडलोच.

"आवं, साहेबांचं इन्स्पेक्शन असलं की फाटक, झाडाचं बुंधं रंगवतोच की आमी. ह्या बारीला पावनं बिल्डिंगच बघाया येनार. मग बिल्डिंगच रंगवली."

खात्याच्या शिस्तीत चोख बसणारी चूक होती.

अकराला समिती आली. अध्यक्षा संयोगिताबाईंनी भिंतीला हात लावला, तर बोट निळं झालं. "हे कुणी केलं?"

हिंदुराव ताठ उभे राहिले. "मी, मॅडम. दगड उघडाच हुता. पावन्यांम्होरं तसाच कसा ठेवायचा? लाज वाटली."

बाई त्यांच्यावर रागावल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, आम्हाला तुम्ही एकवीस पत्रं लिहिलीत. हा दगड काय आहे, ते यांना एकदा तरी सांगितलं होतंत?"

नव्हतं सांगितलं. पोलिसांना त्यातलं काय कळणार, असं मी धरूनच चाललो होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

समितीनं महिन्याची मुदत दिली. दगडाला इजा न करता रंग निघाला तरच यादीत.

दुपारीच आम्ही दोघं लाकडी पट्ट्या घेऊन पहिल्या कमानीपाशी बसलो. एक दगड मोकळा झाला, तशी त्यावरची टाकीच्या घावांची नक्षी दिसायला लागली. हिंदुरावांनी त्यावरून अंगठा फिरवला. "आता तरी सांगा गुरुजी, ह्यात एवढं काय हाय?"

मी सांगत गेलो. दुसऱ्या दिवसापासून ड्युटी संपली की बाकीचा स्टाफही येऊन बसायला लागला. रंग निघत राहिला.

महिन्यानं समिती पुन्हा आली. मी बोलायला घसा खाकरला, पण तोवर हिंदुराव बाईंना तिसऱ्या कमानीपाशी घेऊन गेले होते.

"ह्यो पाथरवट डावखुरा हुता, मॅडम. बाकीच्या कमानींचं घाव बगा, आन् ह्येचं बगा. समदं उलट्या अंगानं पडल्यात."

तीन वर्षं मी त्या कमानीची चित्रं काढत होतो. माझ्या ध्यानात आलं नव्हतं ते. संयोगिताबाईंनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि खाली मंजुरीची सही केली.