उजाडआईच्या हातातला कप

मी उजाडआई बोलतेय. भिऊ नका असं म्हणणार नाही. थोडं भ्यावंच मला. आमच्या देवांत पेरोबा पेरतो, पान्हाई दूध देते आणि झालेलं सगळं मोडते ती मी.

फुलंब्रीच्या अलीकडे, गावाच्या शिवेवर माझं ठाणं आहे. पाथरवटानं काळ्या दगडात माझे फक्त दोन हात कोरले. तोंड कोरलं तर ही मागत सुटेल, म्हणाला. शहाणा होता. दर मार्गशीर्ष अवसेला घरटी एक धड वस्तू आणायची आणि माझ्या तळहातावर आपटून फोडायची. थोडकं मोडून दिलं की मोठं वाचतं, असा आमचा करार. ज्याची वस्तू फुटत नाही, त्याच्या घरात मी शिरते. माणसं मात्र चलाख. आधीच तडा गेलेलं मडकं आणतात आणि वर भक्तिभावानं हात जोडतात. मला कळतं, पण चालवून घेते.

पोलीस ॲक्शन झाली त्या साली आवडाबाई आली. तिचा एकुलता एक बन्सी मका विकायला औरंगाबादेला गेला आणि त्याच दिवशी फौजा आल्याची हाकाटी झाली. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. बन्सी परतला नाही. अवसेला ती त्याचा चहाचा कप घेऊन आली. निळ्या काठाचा, खुलताबादच्या उरसातून त्यानंच आणलेला.

"आई," ती म्हणाली, "पोरगा तुझ्याकडं आला आसंल तर फोड. नसंल तर ऱ्हाऊ दे."

आला होता. पळापळीत तो एका कोरड्या विहिरीत पडला, तेव्हा तळाशी माझेच हात होते.

तिनं कप आपटला. आणि गढ्या आडव्या करणारी मी, तो अलगद झेलला. डोळे नसूनही तिच्याकडं पाहवलं नाही. कप नुसता खणकला. त्या आवाजात बन्सी हसला, ते मला एकटीला ऐकू आलं.

पाटील काकासाहेब घाबरले. "आवडाबाई, तुझं दान आईनं घेतलं नाय. आता शिरंल ती घरात."

"शिरू द्या. घरात हाय कोन?"

रोज संध्याकाळी ती त्या कपात चहा ओतून दाराशी ठेवू लागली. करार म्हणजे करार, म्हणून मीही शिरले आणि उंबऱ्याशी बसले. सकाळी कप रिकामा असायचा. तो चहा मी पीत नव्हते.

अशी सव्वीस वर्षं गेली. दर अवसेला ती कप आपटायची, मी झेलायची.

गेल्या मार्गशीर्ष अवसेला ती काठी टेकत आली. कप आपटला नाही. माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी बोटं चोळू लागली, थंडीतून आलेल्या पोराची चोळावीत तशी.

"मला पयल्याच साली कळलं व्हतं, बया. खोटं बोलताना दगडबी कापतो. लई वर्सं धरलास. हात दुखले आसतील. सोड आता."

मी सोडला.

ती तुकडे न उचलता माघारी फिरली. घरापर्यंत बन्सीचं नाव घेऊन मोठ्यानं रडत गेली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला रडायला तोंड नाही, नाहीतर मीही रडले असते.

पुढच्या अवसेला या. तडा गेलेलं आणलंत तरी चालेल. फक्त माझ्या हातांखाली निळ्या काठाचे तुकडे पडलेत, ते झाडू नका. त्यांतला एक तुकडा खोलगट आहे. रोज संध्याकाळी त्यात चहा असतो, आणि आवडाबाईला जाऊन आता तीन महिने झाले.