मी, टोलीवर जाऊन आलेली खुर्ची

बसा. नाहीतरी माझ्याशी बोलायचं तर आधी बसावंच लागतं. दचकू नका, मी मंत्रालयातली खुर्ची नाही. मी अड्याळच्या इश्वर बिछायत केंद्राची, मरून रंगाची, दोन हातांची साधी प्लास्टिकची खुर्ची. लग्न, तेरवी, बारसं, सभा, काहीही असलं की इश्वर मंडप, सतरंज्या, स्वयंपाकाचे मोठे गंज आणि आम्हाला टेम्पोत भरून नेतो.

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यातला. कशापासून झाला ते विचारू नका. फुटक्या बादल्या, जुने मग, कुणाच्या तरी मोडक्या पाळण्याचे तुकडे, सगळं एकत्र वितळलं आणि साच्यातून आम्ही सगळ्या बहिणी बाहेर पडलो. माझ्या अंगात कोणाच्या घरची बादली आहे, हे आजवर एकाही वऱ्हाड्याने विचारलेलं नाही. खुर्ची पंख्याखाली आहे की नाही, एवढंच तो पाहतो.

माणूस कसा आहे ते तो बसला की कळतं. नवा जावई पाय पसरून बसतो. पुढारी कडेवर बसतो, कारण माइक कधीही हातात येऊ शकतो. तेरवीला आलेला माणूस आधी चेहरा पाडून बसतो आणि जेवण वाढायला सुरुवात झाली की पहिला उठतो. काही जाडे काका मला मागच्या दोन पायांवर उभं करून झुलतात. तेव्हा मी डोळे मिटून देवाचं नाव घेते.

आणि काही माणसं बसतच नाहीत. केशरबाई त्यातली.

केशरबाई इश्वरकडे कामाला होती. कार्यक्रम आटोपला की मागच्या अंगणात, बोरिंगजवळ, ती राखेने गंज घासायची आणि आम्हा खुर्च्यांना धुऊन उन्हात मांडायची. दमली की पालथ्या घमेल्यावर टेकायची. तिचं घर टोलीवर. टोली म्हणजे तलावाच्या पाळीपलीकडची, बांधाच्या त्या बाजूची वस्ती. गावात जात कोणी तोंडाने काढत नाही, सगळे सुधारलेले आहेत. नुसतं ‘टोलीवरची’ म्हणतात आणि ज्याला जे समजायचं ते समजतं. केशरबाईचे केस पिकले होते, तरी गावातली शेंबडी पोरंही तिला ‘ए केशर’ म्हणून हाक मारायची.

इश्वरची मुलगी मेघा दहावीत होती. तिचा आवाज असा, की तिला माइक देणं म्हणजे विजेची नासाडी. गावातले पुढारी भैय्याजी यांचा वाढदिवस आला, आणि त्यानिमित्त शाळेच्या पटांगणात वक्तृत्व स्पर्धा ठरली. विषय होता ‘वंचित घटकांना सामाजिक न्याय’. शाळेतल्या सरांनी मेघाला भाषण लिहून दिलं. मेघाने आम्हाला अंगणात रांगेने मांडलं, श्रोते म्हणून. आणि मला व्यासपीठ केलं. माझ्यावर उभी राहून ती गरजली,

“समाजातील दुर्बल घटकांना मुख्य प्रवाहात आणणे ही काळाची गरज आहे!”

आम्ही खुर्च्या, आम्हाला टाळ्या वाजवता येत नाहीत. टाळ्या वाजवल्या त्या केशरबाईने, राखेच्या हातांनी.

“लय मस्त बोलली वो बाई,” ती म्हणाली. “पण ते घटक घटक कोण आहेत?”

“घटक म्हणजे गरीब लोकं. मागं राहिलेले. ज्याईले गावानं बाहेर ठेवलं...” मेघाची गाडी तिथे अडकली.

“म्हंजे आमी?”

“तसं नाही. म्हणजे... हव. तुमीच.”

“हत्!” केशरबाई खळखळून हसली. “मले वाटलं खताचं नाव आहे. आन आमाले नेणार कुठं?”

“मुख्य प्रवाहात.”

“मले पोहता नाही येत ना पण!”

मेघाही हसली. पण हसता हसता तिची नजर त्या पालथ्या घमेल्यावर गेली आणि मग आमच्या रांगेवर. सगळ्या खुर्च्या रिकाम्या आणि ऐकणारी एकटी बाई घमेल्यावर. ती माझ्यावरून खाली उतरली, स्वतःच्या ओढणीने माझ्यावरचे पायाचे ठसे पुसले आणि म्हणाली, “बसा.”

“नाही वो. बुढी पाहील.”

“आजी मंदिरात गेली. कंबर दुखते म्हणता ना रोज? बसा ना थोडा वेळ.”

केशरबाई बसली. तिच्या हातांना मी वर्षानुवर्षं ओळखत होते. माझा एकेक कोपरा तिने घासला होता. वजन मात्र पहिल्यांदा कळलं. फारसं नव्हतंच. आधी ती अगदी कडेला टेकली, एखाद्याचं बाळ मांडीवर घ्यावं तशी सांभाळून. मग थोडी मागे सरकली. पाठ लागली तशी म्हणाली, “अगा माय! टेकाले किती बेस आहे हे!”

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, “केशर! उतर खाली!”

जशी काही ती झाडावर चढली होती. दारात इश्वरची आई, शकुंतलाबाई उभी होती. हातात प्रसादाचा नारळ. केशरबाई इतक्या झटक्यात उठली की मी मागच्या मागे उताणी पडले.

“आजी, मीच बसवलं त्याईले,” मेघा म्हणाली.

“तू चूप. आन तू वो केशर, उद्यापासून येऊ नको कामाले. डोक्यावर चढून राहिली.”

अर्धवट घासलेला गंज केशरबाईने धुऊन उपडा घातला, हात पदराला पुसले आणि निघून गेली. आत्ताच तर खळखळून हसत होती. तो चेहरा असा बंद झालेला मला पाहवला नाही, पण मी उताणी होते, दुसरीकडे बघता येत नव्हतं.

आजी आत गेली ती गोमूत्राची बाटली आणायला. मेघाने मला उचललं, बहिणींच्या चळतीत मधोमध घुसवलं, मग ती चळत मोडली, दुसरी केली, तीही मोडली. पत्ते पिसावेत तशी तिने आम्हाला पिसून काढलं.

आजी बाटली घेऊन आली. “कोणती?”

“काय कोणती?”

“ते बसली होती ते खुर्ची कोणती?”

“मले काय माहीत आजी. साऱ्या सारख्याच दिसतात.”

आजीने चष्मा वर केला, खाली केला. एका बहिणीचा वास घेऊन पाहिला. मग ठरवलं की सगळ्यांवरच शिंपडायचं. पण बाटली लहान आणि खानदान मोठं. निम्म्या खुर्च्या झाल्या आणि बाटली आटली. उरलेल्या खुर्च्यांकडे आजी अशी पाहत होती, की जणू त्या तिला चिडवत आहेत. मी त्या उरलेल्यांत होते, आणि हो, थोडी चिडवत होते.

तेवढ्यात इश्वर आला. आईचा गोंधळ ऐकून तो सहज बोलून गेला, “अवो माय, कायले हैरान होऊन राहिली? मांगच्या हप्त्यात टोलीवरच्या लग्नातूनच तर आल्या ह्या साऱ्या.”

बोलला आणि त्याने जीभ चावली.

“टोलीवर जातात आपल्या खुर्च्या?” आजीने हळू विचारलं. “कधीपासून?”

“दुकान काढलं तवापासून,” इश्वर जमिनीकडे पाहत म्हणाला. “धंदा आहे ना माय.”

मेघाचं बारसं, जावळ, साऱ्या पंगती आजीच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात. सगळीकडे ती ऐसपैस आमच्यावरच बसली होती. शेवटी तिने जाहीर केलं, “आजपासून मी खुर्चीवर बसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात आम्हाला मांडलं. नात बोलणार म्हणून आजीला पहिल्या रांगेत मधली जागा. आजी आली आणि उभी राहिली.

“बसा ना माय,” शेजारचे गृहस्थ म्हणाले.

“मी उभीच बरी.”

आता एवढी वडीलधारी बाई उभी असताना आपण कसं बसावं? ते गृहस्थ उठले. ते उठले म्हणून त्यांच्या बाजूचे उठले. पहिली रांग उभी राहिली म्हणून दुसरीला दिसेना, तीही उठली. नेमके तेव्हाच मंचावर भैय्याजी बोलायला उभे राहिले होते. पाहतात तो सगळं पटांगण त्यांच्यासाठी उभं! त्यांनी दोन्ही हात जोडले.

“हे तुमचं प्रेम आहे,” ते म्हणाले, आणि सामाजिक न्यायावर ठरल्यापेक्षा दुप्पट बोलले. मागून कोणीतरी ओरडत होतं, “अबे बसा ना कोणीतरी!” भैय्याजींना वाटलं, तोही जयजयकारच आहे.

मग मेघाचं नाव पुकारलं. ती माइकजवळ आली. “समाजातील दुर्बल घटकांना...” एवढं म्हणून थांबली. सरांना वाटलं विसरली. ते खालून ओठ हलवून पुढचं सांगू लागले.

“मले पुढचं पाठ आहे सर,” मेघा माइकवरच म्हणाली. “पण घटक म्हणजे कोण, ते मले काल एका बाईनं विचारलं, आणि सांगताना माझीच जीभ अडखळली. त्या बाई आमच्या घरच्या खुर्च्या धुतात. काल त्या एका खुर्चीवर घडीभर टेकल्या, तर त्याईचं काम गेलं. मुख्य प्रवाह कुठं आहे ते मले माहीत नाही. पण आमच्या अंगणात बोरिंग ते खुर्ची किती दूर आहे, ते मले काल समजलं. मी तर म्हणते, न्याय म्हणजे आधी त्याईचं काम त्याईले परत भेटावं, आणि दमल्या तर त्याईनं बसावं. कोणाले विचारून नाही. असंच बसावं. बाकीचे मुद्दे सरांचे आहेत, ते मी नाही बोलत.”

आजीचं नाव मेघाने घेतलं नव्हतं, पण पहिल्या रांगेत आजी एकदम ताठ झाली. गुडघे दुखत होते तरी शेवटपर्यंत बसली नाही.

मेघाला बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांनी शेरा दिला: ‘विषय सोडून बोलली.’

त्यानंतर घरात अबोला. आजी जमिनीवर बसायची, आणि एकदा बसली की उठायला दोन माणसं लागायची. इकडे अंगणात गंजांचा डोंगर झाला. गावातली दुसरी कोणी बाई एवढे मोठे गंज घासायला तयार होईना. इश्वरने एक गंज घासला आणि आठवडाभर खांदा चोळत बसला. शेवटी आजी भिंतीकडे पाहत म्हणाली, “मेघे, त्या केशरले बोलावून आण.”

मेघा गेली आणि एकटीच परत आली. “त्याईच्या पुतणीचं लग्न आहे, सवड नाही म्हणतात. आन म्हणतात, ज्यानं ‘येऊ नको’ म्हटलं, त्यानंच ‘ये’ म्हणाव.”

“वा रे वा!” आजी म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही नीट.

ते लग्न त्या पुतणीचं, रिताचं. त्या लग्नासाठी आम्ही टेम्पोत बसून टोलीवर गेलो, म्हणून पुढचं मी स्वतः पाहिलं. लग्नाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी पाळीवरून मेघाच्या खांद्यावर हात ठेवून आजी येताना दिसली. अख्खी टोली कामं सोडून पाहत राहिली. केशरबाई दारात तांदूळ निवडत होती. ती उठली, पण पुढे गेली नाही.

रिताने पटकन एक खुर्ची ओढून आजीसमोर ठेवली. ती मीच होते. केशरबाईने सवयीने पदर काढला आणि मला पुसायला वाकली.

आजीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या गुडघ्यांकडे. आणि म्हणाली, “राहू दे, पुसू नको.”

आणि धपकन बसली. एवढ्या दिवसांचं न बसणं एकदम बसलं. माझा डावा हात कडाडला. आधी केशरबाईच्या ओठांचा कोपरा हलला, मग तिला आवरेना, आणि मग आजीही हसली, तोंडावर पदर घेऊन.

“केशर,” आजी म्हणाली, “कामाले ये.”

“येईन. लग्न होऊ द्या. पण कंबर दुखली का मी खुर्चीवर बसीन. तुमी मंदिरात गेल्यावर नाही. तुमच्यासमोर.”

आजीने गुडघा चोळला. “बस,” ती म्हणाली. “पण माह्या बाजूले नको बसू.”

“तुमच्या बाजूले कायले बसू? तुमी घोरता ना दुपारी!”

मेघा पाळीकडे तोंड करून हसायला लागली.

आज माझा तुटका हात तारेने बांधलेला आहे. अशी खुर्ची कोणी भाड्याने नेत नाही, म्हणून मी इश्वरच्या मागच्या अंगणात, बोरिंगजवळ असते. केशरबाई काम आटोपून माझ्यावर बसते, पाठ टेकून. मेघा तिला केशरमावशी म्हणते. सगळं बदललं असं मात्र मी म्हणणार नाही. मावशीचा चहाचा कप अजून वेगळाच आहे, आणि त्यावरून मेघाचं आणि आजीचं रोज वाजतं. आजीची खुर्ची कडुनिंबाखाली असते. उन्हाळ्यात दुपारी सावली सरकते तशी ती खुर्ची सरकवावी लागते, आणि सावली नेमकी बोरिंगकडे सरकते. काल दोन्ही खुर्च्यांमध्ये हातभर अंतर होतं. याला मी समाजसुधारणा म्हणत नाही. ऊन फार आहे.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्याकडे कार्यक्रम असेल तेव्हा एकदा मांडवाच्या मागे जाऊन या. तिथे कोणी ना कोणी पालथ्या घमेल्यावर टेकलेलं असेल. एक खुर्ची तिकडेही जाऊ द्या. भाषण नंतर करा.

बरं, उठा आता. केशरबाई हात धुऊन इकडेच येते आहे, आणि तिची जागा तुम्ही अडवली आहे.