पाठीचं माप

कसब्यातल्या आमच्या दुकानात तीन पिढ्या बॅगा शिवतात आणि तीन पिढ्या एकच नियम आहे: जो पट्टा शिवेल, त्यानंच तो आधी वजन भरून वाहून बघायचा. नियम माझ्या आजोबांचा. दुसऱ्याच्या खांद्यावर प्रयोग करायला आपण डॉक्टर नाही, असं ते म्हणायचे.

हिंजवडीचा आमोद हा तरुण डिझायनर आला तेव्हा दुकानाला घरघर लागली होती. शाळेच्या दप्तरांचं काम बाहेरच्या स्वस्त मालानं गिळलं होतं. दिवाळीनंतर कुलूप लागणार, हे माझ्याकडे शिवणाऱ्या चौघींना ठाऊक होतं. आमोदनं जवानांसाठी सॅक डिझाइन केली होती. खडकवासल्याजवळच्या एका मैदानावर लष्कराचे लोक नमुना बघणार होते. पसंत पडला तर शिलाईचं सगळं काम आमचं. त्यानं कॉम्प्युटरवर काढलेलं ड्रॉइंग माझ्यापुढे पसरलं. छानच होतं. कागदाची पाठ दुखत नाही, एवढंच मी म्हटलं.

सॅक शिवली, वीस किलो वाळू भरली आणि सकाळी पर्वती चढायला लागले. माझं वय बावन्न, उंची पाच फूट. रोज फिरायला येणाऱ्या श्यामसुंदरकाकांनी विचारलं, कुठल्या आघाडीवर निघालात? मी म्हटलं, वाट सोडलीत तर पोचेन.

पट्टा खांद्यात रुतत होता, तो रुंद केला. कमरपट्टा खाली मांड्यांवर येत होता, तो चार बोटं वर घेतला. पाच दिवस हेच चाललं: चढायचं, उतरायचं, उसवायचं, शिवायचं. सहाव्या दिवशी सॅक पाठीवर अशी बसली की वजनाचा विसर पडला. आमोदला कळवलं, निर्धास्त राहा.

मैदानावर तिघं होते: नोंदी घेणारे कर्नल, सहा फुटी हवालदार आणि जवळपास माझ्याच उंचीच्या कॅप्टन अवनी. हवालदारानं सॅक चढवली. कमरपट्टा थेट त्याच्या बरगड्यांवर आला. तो दहा पावलं चालला आणि त्यानं मान हलवली.

इतके दिवस मी सॅक तपासत नव्हते, माझ्याच पाठीचं माप घेत होते. आमोद खाली बघत उभा होता. त्याच्या ड्रॉइंगवर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण चौघींचं काम घालवलं ते घालवलं, वर खोटं कशाला बोलायचं?

"ड्रॉइंग बरोबर होतं, साहेब," मी म्हटलं. "पट्टा मी वर घेतला. सगळं जग माझ्याएवढंच उंच आहे, असं धरून चालले."

कर्नलनी वही मिटली. तेवढ्यात कॅप्टन अवनींनी सॅक उचलली, बक्कल लावलं आणि वीस किलोंसकट मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. परत आल्यावरही त्यांनी ती उतरवली नाही.

"नऊ वर्षं मी दुसऱ्याच्या पाठीची सॅक वाहतेय, सर," त्या कर्नलना म्हणाल्या. "ही माझ्या पाठीची आहे."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

महिलांच्या तुकडीसाठी याच मापाच्या चाळीस सॅक ठरल्या. उंच मापाचा नमुना पंधरा दिवसांत मागितला. कुलपाचा विषय संपला.

उंच माप वाहून बघायला आमोदच होता, पाच फूट अकरा. तो लगेच तयार झाला, जिमला जातो म्हणाला. मी त्याला आजोबांचा नियम पुन्हा ऐकवला आणि मशीनवर बसवलं. शिवेल त्यानंच वाहायचं, तर वाहणाऱ्यानं शिवायला नको? त्याचा पट्टा मी तीनदा उसवायला लावला. चौथ्यांदा टाका सरळ आला.

दुसऱ्या दिवशी वाळू मी स्वतः भरली. पर्वतीच्या तिसाव्या पायरीवर आमोद थांबला.

"रुकसानाताई, खांद्यात रुततंय."

"मग खाली ये," मी म्हटलं. "उसवायला घे."