सोपवायची राहिलेली चावी

ते साल १९६७. वरच्या आळीतली जुनी माणसं अजूनही त्याला 'चावीचं साल' म्हणतात.

चावीवाला म्हणजे रोज पहाटे रस्त्यातल्या झडपेत लोखंडी चावी घालून नळांना पाणी सोडणारा पालिकेचा माणूस. एकोणीस वर्षांत त्याला कधी पाच मिनिटं उशीर झाला नव्हता, म्हणून सगळे त्याला घड्याळदादा म्हणत, आणि त्याच्या बायकोला नुसतं वहिनी. आळीला पाणी पुरेनासं झालं तेव्हा लोकांनी धोशा लावला, "दादा, तुम्हीच उभे राहा."

पालिकेच्या नोकराला पालिकेची निवडणूक लढवता येत नसे. दादांनी राजीनामा दिला. बुधवारी तो मंजूर झाला, गुरुवारी त्यांनी अर्ज भरला. वहिनी तोंडाने हो म्हणाल्या होत्या, पण त्यांच्या ताटातलं अन्न तसंच राहू लागलं. घरात दोन मुली, म्हातारी सासू, आणि मिळवता हात एकच.

शुक्रवारी सकाळी दादा मोरीत हात धूत होते. हातांना काळं वंगण होतं.

"अहो, हे काय?"

"नवा माणूस आलाच नाही. आळी काय कोरडी ठेवू?"

"आणि हजेरीवहीत सही?"

दादांनी ओल्या हाताकडे पाहिलं. "झाली असेल. सवय आहे."

वहिनींनी पदर खोचला.

"राजीनामा दिलाय हे याच्या हातांना कुणी कळवलंच नाही वाटतं!" सासूबाई आतून म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी अर्जांची छाननी होती. दादांच्या विरोधात उभा होता एक ठेकेदार. त्याची माणसं सगळीकडे नाक खुपसत फिरत होती. वहिनी तशाच उठून, हजेरीवही असायची त्या पालिकेच्या चावीघरात गेल्या. मुकादमाने वही पुढे सरकवली.

"वहिनी, मी चहा घेऊन येतो. तोवर पानाचं काय होतं ते मी पाहिलेलं नाही."

वहिनींनी पान चिमटीत धरलं. त्यावर ओळीने दादांच्या सह्या, वळण तेच, वेळ तीच. पान फाडलं तरी उद्या छाननीत साहेबांनी विचारल्यावर हा माणूस आपणहून सगळं सांगून मोकळा होणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वही मिटली.

छाननीच्या खोलीत ठेकेदाराने वही आपटलीच. "साहेब, राजीनामा दिलेला माणूस काल कामावर कसा?"

निवडणूक अधिकाऱ्यांनी मंजुरीचं पत्र मागून मोठ्याने वाचलं, "'कार्यभार सोपवल्यानंतर कार्यमुक्त समजावे.' चावी कुणाकडे सोपवलीत?"

"घ्यायलाच कुणी आलं नाही, साहेब."

"मग ती आहे कुठे?"

"दारामागे."

"कुणाच्या?"

"माझ्याच."

खोली हसली. साहेब हसले नाहीत. "म्हणजे अजून तुम्ही नोकरच. अर्ज बाद."

मागे बसलेल्या वहिनींनी हिशेब केला. अर्ज गेला, नोकरी आधीच गेलेली. आणि मग साहेबांचा तो एकच शब्द त्यांच्या डोक्यात अडकला. त्या उभ्या राहिल्या.

"साहेब, हे नोकरच आहेत ना? मग तेवढं लिहून द्या."

"बाई, मध्ये बोलू नका," ठेकेदार म्हणाला.

"भाऊ, वही तुम्हीच आणलीत. आता तिला खोटी कशी म्हणाल?"

साहेबांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. कार्यमुक्त झालेच नव्हते, म्हणून तो कागद दाखवून सोमवारी सकाळी दादांनी राजीनामा मागे घेतला. त्या दिवशी वहिनी चार दिवसांनी पोटभर जेवल्या.

ठेकेदार निवडून आला. पाच वर्षांत त्याने आळीला एक नळही दिला नाही, आणि पुढच्या खेपेला आळीने वहिनींना उभं केलं. नवऱ्याची नोकरी बायकोच्या आड येत नव्हती. एकसष्ट मतांनी त्या निवडून आल्या आणि वरच्या आळीला वेगळी पाण्याची लाइन मिळाली. ठेकेदार गाव सोडून मुलाकडे गेला. मुकादम चहा घेऊन येतो म्हणत म्हणत निवृत्त झाला. सासूबाई सुनेचा विजय पाहून गेल्या. साहेबांकडून ते लिहून घेण्याचं आपणच सुचवलं होतं, असं शेवटपर्यंत सगळ्यांना सांगत.

दादा निवृत्त झाले तेव्हा वहिनी स्वतः कचेरीत गेल्या आणि चावी सोपवल्याची लेखी पोच घेतल्यावरच घरी आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे दादा चपला घालून दाराशी उभे होते. वहिनींनी ती पोच त्यांच्यापुढे धरली आणि चहाला आधण ठेवलं.