दहापैकी तीन

नापास हा शब्द जिजींना सोसत नसे. चौथीत एकदा झाल्या, तेव्हा त्यांनी शाळेचंच तोंड बघणं सोडलं. पुढे चाळीस वर्षं शिवणाचा कारखाना चालवला, सहा मशिनं, आणि तिथे सगळ्यांच्या चुका त्याच काढत. कोणाची कॉलर वाकडी, कोणाची काजं गबाळी, सगळं जागच्या जागी, तोंडावर.

त्या दुपारी कापड बेतता बेतता त्यांच्या हातून कात्री गळाली. छातीवर कोणी कापडाचा अख्खा तागा ठेवावा तसं झालं. सुनेने त्यांना धरून दवाखान्यात आणलं. मागून नवरा धावत आला, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात सुनेची.

"गॅस आहे," जिजींनी डॉक्टरणीला सांगून टाकलं. "एक गोळी द्या आणि सोडा. बाया खोळंबल्यात."

डॉक्टरीण जेमतेम तिशीची, पण हात सफाईचा. तिने छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, रक्त घेतलं आणि कागद पुढे ओढला.

"वय?"

"बासष्ट."

"बीपी? साखर?"

"नाही."

"तंबाखू, सिगारेट?"

"शोभतं का मला विचारायला?"

"घरात कोणाला हृदयाचा त्रास?"

"आमच्याकडे सगळे ठणठणीत."

सून छताचा पंखा बघत राहिली.

रक्ताचा रिपोर्ट आला. "ट्रोपोनिन ठीक आहे," डॉक्टरीण म्हणाली. "हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात वाढतं. पट्टीत जरा शंका आहे, पण एकूण तुमचे तीनच गुण झाले. घरी जाऊ शकता."

"कितीपैकी?"

"दहापैकी."

जिजींची कानशिलं तापली. शेजारच्या खाटेवर एक टकलू गृहस्थ वायरींत गुंडाळून पडले होते. "ह्यांना किती?"

"सहा. त्यांना ठेवून घेतलंय."

जिजींना सगळं लख्ख कळलं. हुशारांना ठेवून घेतात, ढ पोरांना घरी धाडतात!

"माझा पेपर नीट तपासा," त्या उठून बसल्या. "वय पुन्हा विचारा."

"बासष्ट ना?"

"सदुसष्ट."

"अगं, मीच पासष्टचा आहे!" नवरा किंचाळला. "लग्नात तर तू तीन वर्षांनी लहान होतीस!"

"ते लग्नात. तुम्ही गप्प बसा, तुमचे गुण कोणी काढत नाहीये. पाया पडायचं असेल तर घरी गेल्यावर पडा."

"एक गुण वाढला," डॉक्टरीण पुटपुटली.

झालं! जिजींना चेव चढला. "बीपी आहे. गोळी दोन महिन्यांपूर्वी बंद केली, कडू लागते. लिहा. साखर आहे. तिचा कागद अस्तरांच्या गठ्ठ्यात दडवलाय. लिहा."

"आणि सिगारेट, आई?" सुनेने गोडपणे विचारलं.

"रोज दोन. मागच्या जिन्यात. तुला काय माहीत?"

"वास येतो ना! सहा वर्षं मी बाबांशी भांडतेय त्यावरून!"

"बघ!" नवऱ्याने दोन्ही हात वर केले. "सहा वर्षं सांगतोय, मी नव्हे, मी नव्हे!"

"वडील बावन्नाव्या वर्षी छातीत कळ येऊन गेले," जिजी थांबायला तयार नव्हत्या. "किती झाले?"

"सहा." डॉक्टरीण आता हसत नव्हती. "जिजी, दुखणं खरंच गॅससारखं होतं?"

साखर कबूल करणं सोपं होतं. हे जड गेलं.

"नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "सकाळी जिना चढताना पहिल्यांदा दाबलं आणि थांबलं. मघाशी मात्र जबड्यात गेलं, डाव्या हातात उतरलं. घामाने पोलकं भिजलं. बाया बघत होत्या, म्हणून मी बसले नाही."

"आणि आत्ता?"

"आत्ताही आहे."

"सात गुण. घरी जायचं नाही. ट्रोपोनिन वाढायला वेळ लागतो, आपण पुन्हा रक्त बघू."

"सात!" जिजींनी टकलूंकडे विजयाने पाहिलं.

"सांभाळा, बाई," ते कळवळून म्हणाले. "इथे जास्त गुण म्हणजे जास्त धोका."

जिजींचा आ वासलेलाच राहिला. सुनेला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिने सासूचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या रिपोर्टात ट्रोपोनिन कितीतरी पटींनी चढलं होतं. "हार्ट अटॅकच आहे," डॉक्टरीण म्हणाली, "पण इथे आहात, हे फार बरं झालं. घरी गेला असता तर..." तिने स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीकडे ढकलायला सांगितलं.

नवरा शेजारून धावत होता. "अहो, घाबरू नका हं तुम्ही!"

"मला अहोजाहो करताय?"

"मोठ्या आहात ना!"

"माझा जीव जातोय आणि ह्यांना विनोद सुचतायत!" पण त्याची बोटं त्यांच्या मुठीत होती. ती त्यांनी दारापर्यंत सोडली नाहीत.

आत हृदयाच्या डॉक्टरने मनगटातून बारीक तार वर सरकवली. पडद्यावर हृदयाच्या रक्तवाहिनीची काळी रेघ मध्येच तुटलेली दिसत होती. तारेवरचा फुगा फुगला, तिथे जाळी बसली, आणि रेघ सरसरत पुढे धावली, फांद्या फुटून पार टोकापर्यंत.

"आता कसं वाटतंय?"

जिजींनी उत्तर द्यायची घाई केली नाही. जबडा इकडून तिकडे हलवून पाहिला. डाव्या हाताची बोटं मिटली, उघडली. पोटभर श्वास घेतला. तो कुठेही अडला नाही.

"गेलं हो," त्या म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. डॉक्टर "हलू नका, हलू नका" म्हणत राहिला, आणि टेबलावर जिजींचं पोट गदगदतच राहिलं.