तिथीची पाऊणपट

भीमरावांना सिंगापूरला येऊन अडीच महिने झाले होते, आणि तेवढ्या दिवसांत नात त्यांच्याशी जे काही बोलली ते एका पोस्टकार्डावर सहज मावलं असतं. नऊ वर्षांची स्नेहल वाईट नव्हती हो. सकाळी "गुड मॉर्निंग आबा", रात्री "गुड नाइट आबा", मध्ये काही विचारलं तर इथल्या लकबीत "ओके लाह". एरवी रविवारी मुंबईला फोन यायचा तेव्हाही हेच: हॅलो आबा, मी बरी आहे, बाबाला देते. परवाच्या विमानाने ते परत जाणार होते. पुन्हा वर्षभर या तीन वाक्यांवर भागवायचं, हे त्यांच्या जिवाला लागून राहिलं होतं.

वैशाख पौर्णिमेची इथे सरकारी सुट्टी. सकाळी विहारात वंदना झाली आणि धम्मदीपने, म्हणजे त्यांच्या इंजिनियर चिरंजीवांनी, सगळ्यांना पासिर रिसच्या किनाऱ्यावर आणलं. सुट्टीत समुद्रकाठी शॅले भाड्याने घेऊन राहायची इथली पद्धत. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यापुढे बार्बेक्यूची जाळी. सेंगकांगच्या घरापासून टॅक्सीने वीस मिनिटांचं अंतर, एका रात्रीचा मुक्काम, आणि सूनबाई प्रियदर्शिनीने बॅगा भरल्या होत्या चार.

दुपारी स्नेहल ओट्यावर हातातला गेम टिकटिक करत बसली होती. समोर करडं, गढूळ पाणी काठाला टेकून पडलं होतं.

"बोअरिंग," ती म्हणाली. "नथिंग टु सी."

भीमरावांना हीच संधी हवी होती. "सव्वापाच वाजता हे पाणी इथून उठून जाईल," ते म्हणाले. "मग खालची मंडळी दिसतील. खेकडे, शिंपल्या, गोगलगायी."

तिने मान वर केली. "हाउ यू नो?"

आता भीमराव टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून जन्मभर खांबांवर चढलेले असले, तरी मूळचे दापोलीकडच्या खाडीकाठचे. मुहूर्त, शकुन, वार-नक्षत्र यातलं ते काही म्हणजे काही मानत नसत. कुणी विषय काढला तर तासभर वाद घालत. तिथी मात्र त्यांना दोन कामांना लागायची, एक पौर्णिमेच्या वंदनेला आणि दुसरी भरती-ओहोटीला. म्हणून प्रवासातसुद्धा भिंतीवरची दिनदर्शिका गुंडाळी करून बरोबर असायची.

"तिथीची पाऊणपट करायची," ते म्हणाले. "जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती. तिथून सहा तासांनी ओहोटी. आज पंधरावी तिथी. पंधरा गुणिले पाऊण?"

"इलेव्हन पॉइंट टू फाइव्ह," ती पटकन म्हणाली.

"म्हणजे सव्वाअकरा. अधिक सहा?"

स्नेहलने गेम खाली ठेवला. "बाय द मून? सीरियसली?" आणि मग, अडीच महिन्यांत पहिल्यांदाच, ती आपण होऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली. भीमरावांची छाती फुगली. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण नाही. "अगं, तो लांब तरंगतोय ना, त्या लाल बोयापर्यंत चालत जाशील," असंही ते बोलून गेले.

पाच वाजता आजोबा-नात प्लॅस्टिकची बादली घेऊन पाण्याशी हजर. सव्वापाच झाले. पाणी हातभर मागे सरलं. साडेपाच झाले, अजून दोन हात. पावणेसहाला ते तिथेच ठाण मांडून राहिलं, आणि लाल बोया लांब पाण्यात मजेत डुलत होता. बादलीत एक रिकामी शिंपली आणि एक बाटलीचं झाकण.

जवळच एक चिनी म्हातारी गुडघ्यापर्यंत विजार दुमडून उभी होती. ती यांच्याकडे पाहून हसली. "मॉर्निंग लाह, अंकल! ईव्हनिंग वन स्मॉल-स्मॉल ओन्ली. दिस मंथ, मॉर्निंग वन बिग."

भीमरावांना तिचं इंग्रजी झेपेना. त्यांनी नातीकडे पाहिलं.

"ती म्हणते," स्नेहल शब्द जुळवत म्हणाली, "संध्याकाळची छोटी. सकाळची मोठी."

"असं कसं? आमच्याकडे दोन्ही..." भीमराव बोलता बोलता थांबले. त्यांच्या खाडीत असा फरक त्यांच्या तरी कधी नजरेस आला नव्हता.

"इट्स ओके, आबा," स्नेहल म्हणाली आणि त्यांच्या हातातली बादली तिने स्वतःकडे घेतली. तिने थट्टा केली असती तर परवडलं असतं. नऊ वर्षांच्या पोरीने आपल्याला सांभाळून घ्यावं, याची त्यांना भयंकर लाज वाटली. जेवताना धम्मदीप म्हणाला, "आबा, इथला समुद्र वेगळा, तुमचं गणित चालायचं नाही." भीमरावांनी मक्याचं कणीस पुढे ओढलं. सकाळच्या ओहोटीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. दुसऱ्यांदा तोंडघशी पडायची त्यांची तयारी नव्हती.

पण झोप लागली तर शपथ. म्हातारी खरं बोलली असेल का? एकाच चंद्राच्या दोन ओहोट्या, मग एक लहान आणि एक मोठी कशी? पाच वाजता ते उठले, टॉर्च घेतला आणि दार हळूच ओढून चोरासारखे बाहेर पडले. आधी आपण बघून यावं, नसलंच काही तर गुपचूप येऊन झोपावं.

किनाऱ्यावर पोचले आणि त्यांना पाणी सापडेना. चंद्र पश्चिमेला उतरला होता, त्याच्या उजेडात नुसती ओली वाळू लांबवर चमकत होती. कालचा लाल बोया चिखलात आडवा पडला होता. पायाखाली काहीतरी चुरचुरत, पिचपिचत होतं.

"आयला!" भीमराव मोठ्याने म्हणाले, आणि सत्तरी उलटलेला तो माणूस चक्क पळत सुटला.

स्नेहलच्या पलंगाशी ते धापा टाकत उभे राहिले. काय सांगावं? काल फार सांगून झालं होतं. त्यांनी तिचा पाय हलवला. "चल. मी काही सांगत नाही. तूच बघ."

ती रात्रीच्या कपड्यांतच आली. वाळूवर पाऊल टाकलं आणि जागच्या जागी थांबली. "समुद्र कुठे गेला?" हे तिने मराठीत विचारलं, आणि विचारलं हे तिला कळलंसुद्धा नाही.

मग पुढचा तासभर प्रश्नच प्रश्न. हे भोक कुणाचं? हा खेकडा तिरका का चालतो? हे गवत समुद्रात कसं? निम्म्यांना भीमरावांकडे उत्तर होतं. उजाडता उजाडता तिला वाळूचीच बनलेली, शर्टाच्या कॉलरसारखी गोल वळलेली एक पट्टी दिसली. ती उचलू नको म्हणत भीमराव स्वतः खाली वाकले, चष्मा पुसून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

"हे काय आहे, आबा?"

"माहीत नाही," ते म्हणाले. "जन्मात पाहिलं नाही."

"मी शोधते," ती म्हणाली, आणि दोघं लाल बोयाला हात लावून आली.

दुसऱ्या दिवशी बॅग भरताना स्नेहल दिनदर्शिकेची गुंडाळी घेऊन बसली. "आबा, ही मला ठेव ना. तिथी बघायला लागेल."

भीमरावांनी ती तिच्या हातातून अलगद काढली, कपड्यांखाली घातली आणि चेन ओढली. "तिथी हवी असली की फोन करायचा."

प्रियदर्शिनी हळूच म्हणाली, "आबा, तिथी इंटरनेटवर मिळते."

"मिळू दे," भीमराव तितक्याच हळू म्हणाले. "तू तिला सांगू नकोस."

रविवारी मुंबईत फोन वाजला. "आबा, ती कॉलर म्हणजे गोगलगायीची अंडी! लायब्ररीत सापडलं. वाळूत चिकटवते ती. आणि बाबा शनिवारी नेणार आहे, तर शनिवारी तिथी कोणती?"

शनिवारची तिथी भीमरावांना तोंडपाठ होती. सकाळपासून चार वेळा त्यांनी ती पाहिली होती.

"थांब हं," ते म्हणाले, "चष्मा सापडत नाहीये. तोवर तू सांग, अंडी किती असतात म्हणालीस?" आणि रिसीव्हर कानाशी धरून ते खुर्चीत आरामात टेकून बसले.